व्याह्याची गाडी

जोतिबाच्या घाटात तिसऱ्या वळणावर गाडीनं मान टाकली.

आधी आवाज बदलला. चन्नाप्पाच्या कानाला तो तेव्हाच कळला होता, पण मन मानायला तयार नव्हतं. मग चढाला जोर कमी पडू लागला, बॉनेटच्या फटीतून वाफ उठली, आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसा करकर आवाज होऊन इंजिन जागच्या जागी आवळलं. गाडी मागं सरकायला लागली. चन्नाप्पानं हँडब्रेक ओढला, उतरला आणि मागच्या चाकाखाली धोंडा सरकवला. वाकून उठताना गुडघ्यातून कळ गेली.

मागच्या सीटवर त्याची थोरली बहीण अक्काताई बसली होती. मांडीवर नारळ, हातात पिशवी. घरात नवी गाडी आली की जोतिबाला न्यायची आणि तिला गुलाल लावून आणायचा, हा हट्ट तिचाच. काय झालं म्हणून तिनं दोनदा विचारलं. चन्नाप्पा दुसरा धोंडा शोधत होता.

रविवार होता. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. देव करून खाली निघालेली चार पोरं, अंगभर गुलालात न्हालेली, आपली जीप थांबवून मदतीला आली. पाठ लावून त्यांनी गाडी कडेला घेतली. त्यांतला एकजण वाफेकडं बघून म्हणाला, "काका, इडल्या झाल्या का बगा की."

बाकीचे हसले. चन्नाप्पानं मान वर करून त्याच्याकडं नुसतं बघितलं. पोरगं हसायचं थांबलं आणि हात झटकत जीपकडं गेलं.

चन्नाप्पा परत आत बसला. चावी फिरवली. टक् झालं आणि संपलं. समोर इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा होता. तो तळाला पडून होता. गेले अकरा दिवस तो तिथंच होता. बाहेर वाफ निघत होती, तेल करपल्याचा वास नाकात जात होता आणि काटा सांगत होता की गाडी गार आहे. चन्नाप्पा त्या काट्याकडं बघत राहिला आणि त्याचे कान तापायला लागले.

गाडी त्यानं आपल्या व्याह्याकडून घेतली होती.

चन्नाप्पा आरबोळेचं घर कागलच्या पुढं माळावरच्या वस्तीवर. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यानं एकतीस वर्षं इंजिनाची हेडं, म्हणजे वरची लोखंडी झाकणं, मशीनवर घासली. घासलेल्या हेडावरनं बोट फिरवलं की केसाएवढा उंचवटा त्याला कळायचा. जून महिन्यात तो रिटायर झाला. पण त्याच्याआधीच त्याची बायको निलव्वा गेली होती. चौदा महिने झाले. भर दुपारी छातीत दुखतंय म्हणाली. वस्तीवर वाहन नव्हतं. त्यानं रस्त्यावर उभं राहून दुधाचा टेंपो थांबवला, कॅनांच्या मधे तिला बसवली आणि स्वतः शेजारी बसला. कागल यायच्या अलीकडं तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, ते पुन्हा उचललं नाही. टेंपोवाला मात्र दवाखाना येईपर्यंत हॉर्न वाजवत होता.

एकुलती मुलगी विद्याश्री. गडहिंग्लजच्या बाजूला इराप्पाच्या घरात, त्याच्या सोमेशला दिलेली. तिला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. चन्नाप्पा न्यायचं विचारायला गेला तेव्हा विद्याश्रीची सासू चहाचा कप पुढं ठेवत म्हणाली होती, "आई न्हाय, गाडी न्हाय, घर माळावर. वेळ आली तर हिलाबी दुधाच्या टेंपोत घालून न्हेणार काय?"

चन्नाप्पानं तो चहा प्याला. कसा प्याला ते त्याचं त्याला ठाऊक. आणि तिथंच बसून म्हणाला, गाडी घेतो. तेव्हा इराप्पा म्हणाला की बाहेर कशाला बघताय, आमचीच घ्या, आम्ही नवी घेतोय. घरातली गाडी घरात राहील. गाडी दारात लागली की पुढच्या पंधरवड्यात सोमवारी सुनेला धाडतो. वर गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणाला, "हिला अजून पाना लागलेला न्हाय, पावणं." शपथ कुणी मागितली नव्हती. त्यानं आपणहून घेतली.

निलव्वाच्या पाटल्या मोडून चन्नाप्पानं गाडी घेतली. आणि घेताना बॉनेट उघडलं नाही.

एकतीस वर्षं इंजिनावर काढलेला माणूस. पण सोयऱ्याच्या मालाला हात लावून बघायचं नसतं. सोयऱ्याकडून बैल घेतला तर त्याचे दात बघत नाहीत, म्हैस घेतली तर आधी धार काढून बघत नाहीत. बघितलं तर तो संशय झाला, आणि संशय पोरीच्या नांदण्यावर येतो. जुना सोबती गुंडू फिटर, त्याला बरोबर न्यावं असं एकदा मनात आलं होतं. अक्काताई म्हणाली, व्याह्याच्या दारात फिटर घेऊन जाणार? तिनं नुसतं विचारलं. नाही हे त्यानं स्वतःच ठरवलं. गाडी घेऊन परत येताना काटा तळाला बघून तो अक्काताईला म्हणाला होता, गाडी लई गार चालतीय. चालू इंजिनाचा काटा मधे उभा राहायला पाहिजे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण सोयऱ्याची गाडी होती. डोळ्यांनी बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.

घाटातून गाडी टोचन लावून आणली. टेंपोच्या मागं दोर बांधलेला, स्टेअरिंगला चन्नाप्पा, मागं अक्काताई. पायथ्याला नारळाच्या दुकानातली माणसं उभी राहून बघत होती. देव वर राहिला. हायवेवर गुंडूच्या गॅरेजपाशी उतरताना अक्काताईनं नारळ डॅशबोर्डावर ठेवला आणि म्हणाली, आता हितंच फोड.

गुंडू चन्नाप्पाच्याच कारखान्यात दहा वर्षं होता. साहेबाला शिवी देऊन बाहेर पडला आणि गॅरेज टाकलं. जाडजूड, पायानं थोडा लंगडा, तोंडानं फटकळ. त्यानं बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण फडक्यात धरून फिरवलं आणि आत बोट घातलं. बोट पिवळं झालं. त्यानं वास घेतला.

"हळद हाय," तो म्हणाला.

चन्नाप्पानं स्वतः बोट घालून बघितलं. हळदच. ट्रकवाल्यांची जुनी युक्ती. कुठं पाणी गळायला लागलं की हळद घालायची. ती फुगून फट बुजवते, चार-आठ दिवस निघून जातात. तेवढ्यात गाडी खपवायची.

"चिमूटभर न्हाय, चांगली पावशेर घातलीय," गुंडू म्हणाला. "लगीन लावूनच धाडलीय की तुझ्या व्याह्यानं."

मग त्यानं तेलाची पट्टी ओढून दाखवली. तेल काळं असायला पाहिजे होतं, ते दुधाच्या चहासारखं झालं होतं. पाणी तेलात शिरत होतं, आणि एका दिवसात एवढं शिरत नाही. शेवटी गुंडू हात आत घालून चाचपत बसला आणि एक वायर वर ओढून काढली. काट्याकडं जाणारी. ती तुटलेली नव्हती. कापलेली होती, टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि नीट दुमडून पायपाच्या मागं दडवलेली होती.

चन्नाप्पानं ती वायर हातात धरली. चिकटपट्टीचे तीन वेढे होते. घाईनं केलेलं काम नव्हतं. कुणीतरी उजेडात, बैठक मारून, पट्टी दातानं तोडून व्यवस्थित केलं होतं. काटा वर चढला तर चन्नाप्पाला कळेल, म्हणून काटाच मारून टाकला होता. आणि ह्याच गाडीत आठव्या महिन्यातल्या पोरीला बसवून आणायचं ठरलं होतं. त्यानं इराप्पाच्या नावानं एक शिवी हासडली. आयुष्यात पहिल्यांदाच व्याह्याला शिवी दिली आणि ती पुरी पडली नाही.

तिथूनच त्यानं फोन लावला. इराप्पानं आधी तब्येत विचारली, अक्काताईचं दुखणं विचारलं. गाडी बसली हे त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला की आमच्या दारात होती तोवर एक दिवस बंद पडली नाही. घाटात कुठल्या गिअरला चढवली? पाणी बघितलं होतं का? तुम्हाला चालवायची सवय नाही, तुमचीपण काय चूक म्हणा.

"आन सोमवारचं आता जरा अवघडच झालं की, पावणं," तो म्हणाला. "गाडी न्हाय म्हटल्यावर ह्याची आई काय पोरीला सोडंल असं वाटत न्हाय."

ह्याची आई म्हणजे सोमेशची आई. चन्नाप्पाच्या जिभेवर हळद आली होती, वायर आली होती. पण बोलायची सोय नव्हती. पोरगी त्या घरात होती. इकडं एक शब्द बोलला की तिकडं तिच्या ताटात पडणार. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. बरं हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

सोमवारला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून घेऊन तो गॅरेजवर गेला आणि म्हणाला, इंजिन मी खोलतो. गुंडूनं कोपरा रिकामा करून दिला.

चार दिवस तो तिथं राबला. हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, दोन-दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी. धूळ उडून उघड्या इंजिनावर बसायची, तो फडकं टाकायचा, पुन्हा काढायचा. बोल्ट तापून चिकटले होते. एक निघताना पाना घसरला आणि तीन बोटांची सालटी निघाली. रक्त त्यानं डिझेलनं धुतलं. दुसऱ्या दिवशी कंबर धरली, तेव्हा गुडघ्याखाली टायर घेऊन काम केलं. गुंडूचं गिऱ्हाईक यायचं, बघायचं, विचारायचं की कुणाची गाडी. चन्नाप्पा म्हणायचा, माझी. कुठून घेतली विचारलं की तो बोल्ट मोजायला लागायचा.

हेड निघालं तेव्हा त्यानं ते पुसलं, दगडावर ठेवलं आणि सरळ पट्टी लावली. पट्टीच्या खालून उजेड दिसत होता. एवढं वाकलेलं हेड त्यानं एकतीस वर्षांत दोनदा बघितलं असेल. आणि ते वाकण्याआधी एकदा घासलेलं होतं. मशीनच्या रेघा त्यानं ओळखल्या. म्हणजे पाना लागलेला नाही म्हणून लिंगावर ठेवलेला हात इथंही खोटा होता. मग त्यानं खालच्या ब्लॉकवर रॉकेल फिरवलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड मारली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे हळूहळू एक ओली रेघ उमटली. ब्लॉकला तडा गेला होता. इंजिन दुरुस्तीच्या पलीकडं गेलं होतं.

गुंडू शेजारी येऊन उभा राहिला. रेघ त्यालापण दिसली. तो म्हणाला की एक मार्ग आहे. तडा चिकटवून टाकू, दाट तेल भरू, पंधरा दिवस चालती करू. बाजारात कोणतरी उभा राहील. त्यालाही असाच सोयरा मिळाला, असं समजायचं.

"आन हळद?" चन्नाप्पानं विचारलं.

"हळद मी देतो की. घरची हाय."

गुंडू निम्मी चेष्टा करत होता, निम्मी नव्हती. चन्नाप्पाच्या हातात पाना होता. तो त्यानं पत्र्याच्या भिंतीवर असा फेकला की पलीकडच्या चहाच्या टपरीतला माणूस बाहेर आला. गुंडूनं पाना उचलला, पुसला आणि जागेवर ठेवला. मग गाडी इथंच सडव, एवढं बोलून तो आपल्या कामाला गेला. दोघं दुपारपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. दुपारी भाकरी खाताना गुंडूनं आपल्या डब्यातला खर्डा त्याच्यापुढं सरकवला.

घरी अक्काताईचं दुसरंच चाललं होतं. निलव्वा गेल्यावर ती आपलं घर पुतण्यावर सोपवून भावाचा संसार सांभाळायला आली होती. विद्याश्रीसाठी तिनं बाज आवळून घेतली होती, शेगडी घासून ठेवली होती, डिंक-खोबरं आणून डब्यात भरलं होतं. तिनं चन्नाप्पाला समोर बसवून सांगितलं की सोमवारी जायचं, गोड बोलायचं, वडापच्या जीपनं का होईना पण पोरीला घेऊन यायचं. गाडीचं नाव काढायचं नाही. गाडी गेली ती गेली. आपण मुलीकडचे आहोत.

"मुलीकडचं म्हंजे काय तोंड शिवून बसायचं?" चन्नाप्पा म्हणाला.

"व्हय," अक्काताई म्हणाली. "पोरीचं बाळंतपण होईस्तवर तरी शिवायचं."

त्यानं कबूल केलं. पण सोमवारी सकाळी निघताना त्यानं हेड पोत्यात घातलं आणि खांद्यावर टाकलं. अक्काताईनं विचारलं, हे कुणाला दाखवणार? तो म्हणाला, कुणाला नाही. मग नेतोस कशाला? अकरा दिवस न बघितलेली वस्तू आता अंगाशी असावी असं त्याला वाटत होतं, एवढंच. तिनं दार अडवलं. मग त्याच्या बोटांवरच्या चिंध्या बघून बाजूला झाली.

वडापची जीप भरलेली होती. पोतं पायात घेऊन तो मागं बसला. हेडाचा कोपरा नडगीला लागत होता. शेजारच्या बाईनं विचारलं, पावणं, पोत्यात काय? तो म्हणाला, पोरीच्या सासरची भेट.

इराप्पाच्या घरात पुढच्या सोप्यात गावच्या सोसायटीचे दोन मेंबर येऊन बसले होते. दारात नवी गाडी होती, अजून आरशाला रिबीन होती. चन्नाप्पानं पोतं बाकड्याखाली सारलं, हातपाय धुतले, बसला. पाणी आलं, चहा आला. विद्याश्री माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला, पायाला सूज. तिनं बापाच्या बोटांकडं बघितलं आणि आत गेली. सोमेश भिंतीला टेकून मोबाईलकडं बघत होता.

चन्नाप्पानं अक्काताईनं शिकवलेलं सगळं बोलून दाखवलं. वडापमध्ये पुढची सीट सांगून ठेवली आहे, सावकाश नेतो, गावातल्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय, तो बोलावल्याबरोबर येईल. इराप्पा ऐकत होता. पण उत्तर त्यानं चन्नाप्पाला दिलं नाही, मेंबरांना दिलं. हसत हसत सांगितलं की बघा, चांगली चालती गाडी पावण्यांना दिली, अकरा दिवसांत जाळली. आता ज्याला गाडी जपता येत नाही त्याच्या हवाली सून कशी करायची? एक मेंबर कसनुसा हसला. दुसरा चहाच्या कपात बघायला लागला.

"आन एकदा झालंय की," इराप्पा म्हणाला. "बायकोच्या टायमाला काय झालं ते सगळ्यास्नी म्हाईत हाय."

चन्नाप्पानं कप खाली ठेवला. बाकड्याखालचं पोतं ओढलं, तोंड सोडलं आणि हेड काढून सोप्याच्या मधोमध फरशीवर ठेवलं. तेलाचा काळपट डाग फरशीवर पडला. आतून सासूबाईंचा आवाज आला, फरशी, फरशी.

"सोयऱ्याच्या घरात असलं लोखंड घेऊन येत्यात व्हय, पावणं?" इराप्पा म्हणाला.

"हे तुमचंच हाय," चन्नाप्पा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं मेंबर जास्तच सावरून बसले. "ह्याच्यावर मशीनच्या रेघा हायत्या. माझ्या आधी कुणीतरी घासलंय. रेडिएटरमधी हळद हाय. काट्याची वायर कापून पट्टी लावलेली हाय."

इराप्पा म्हणाला की हळद पूजेची असेल, दसऱ्याला गाडी पूजतात.

"पूजा रेडिएटरच्या आत करत्यात व्हय?"

इराप्पाचा हात गळ्याकडं गेला.

"हात खाली घ्या," चन्नाप्पा म्हणाला. "ती शपथ एकदा घेऊन झाली. मी बॉनेट उघडलं न्हाय. तुमी सोयरं म्हणून उघडलं न्हाय. माझी बायको टेंपोत गेली, व्हय, गेली. माझ्या खांद्यावर गेली. पण टेंपो खरा होता. तुमी माझ्या पोरीला बसवायला मेलेली गाडी दिलीसा, आन ती मेलीया हे मला दिसू न्हाई म्हणून वायर कापलीसा."

सोमेशनं मोबाईल खाली केला. इराप्पाचं तोंड काळंनिळं झालं. मग तो उठला आणि म्हणाला की झालं, संबंध इथंच तुटला. सून कुठंही जाणार नाही. बाळंतपण इथं होईल, आणि तुम्ही आता निघायचं.

चन्नाप्पाला तेव्हा कळलं की त्यानं काय केलं. अक्काताईची घासलेली शेगडी त्याच्या डोळ्यांपुढं आली. हेच होऊ नये म्हणून चार दिवस, आठ दिवस तोंड शिवलं होतं, आणि चार वाक्यांत सगळं घालवलं. तरी त्याला एकही वाक्य परत घ्यावंसं वाटेना. तो तसाच उभा राहिला. हाताची बोटं ठणकत होती.

माजघराच्या दारातून विद्याश्री बाहेर आली. हातात बॅग होती. बॅग आज भरलेली नव्हती. आधीच भरून ठेवलेली दिसत होती. ती सासऱ्यासमोर येऊन थांबली. पोटामुळं तिला ताठ उभं राहावं लागत होतं.

"मामा, गाडी बिघडलेली मला म्हाईत होती," ती म्हणाली. "उन्हाळ्यात संकेश्वराला जाताना पाच येळा पाणी घातलं. हळद मीच डब्यातनं काढून दिली, तुमी मागितल्यावर. गाडी घेतली तर धाडतो म्हणालासा. त्यांनी घेतली. आता मी चालले."

सासू काहीतरी बोलायला लागली. मेंबरांपैकी म्हातारा होता तो पहिल्यांदाच बोलला. "इराप्पा, अवघडलेल्या बाईला आडवं व्हऊ नगंस," एवढंच तो म्हणाला आणि टोपी घालून उठला. इराप्पा बसला नाही आणि आडवाही झाला नाही. हेड फरशीवर तसंच पडून होतं.

सोमेशनं बायकोच्या हातातली बॅग घेतली. रस्त्यापर्यंत आला, जीप येईपर्यंत उन्हात उभा राहिला. जीप आल्यावर बॅग टपावर बांधली आणि सासऱ्याच्या पायांशी वाकला. चन्नाप्पानं त्याला आशीर्वाद दिला नाही. पाय मात्र मागं घेतला नाही.

पुढच्या सीटवर खिडकीला विद्याश्री, मधे चन्नाप्पा. गाव मागं पडलं. इराप्पावरचा राग त्यानं सोप्यात टाकून दिला होता. हा राग नवा होता आणि त्याला जागा सापडत नव्हती. हळद मीच काढून दिली. त्याच्या कानात तेच घुमत होतं. शेवटी समोर बघतच त्यानं विचारलं की उन्हाळ्यापासून माहीत होतं, रोज फोनवर बोलत होतीस, मग बापाला का सांगितलं नाहीस.

"सांगितलं असतं तर तुमी घेतली नसती."

"न्हाईच घेतली असती. तुझ्या आईच्या पाटल्या होत्या त्या."

"म्हणूनच," विद्याश्री म्हणाली. "दुसरी बघत बसला असतासा. दुसरीला मामांनी दुसरं खुसपट काढलं असतं. मला घरला यायचं होतं, आप्पा."

"त्यात तू बसली असतीस तर? घाटात गाडी बसली असं समज. पोटात पोर घेऊन."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर उसाची तोड चालली होती. बायका डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढत होत्या. चन्नाप्पानं पुन्हा तेच विचारलं, आवाज चढवून.

"अव्वा असती तर तिला सांगितलं असतं," ती म्हणाली.

"तिनं मला सांगितलंच असतं."

"न्हाय. ती म्हणाली असती, गप बस. घेऊ दे त्यांना. तू आधी घरला ये, मग बघू."

अगदी हेच म्हणाली असती निलव्वा, आणि ह्याच आवाजात. पाटल्या स्वतः काढून दिल्या असत्या, काही माहीत नसल्यासारखं गाडीला ओवाळलं असतं, आणि गाडी बसल्यावर इराप्पाला सगळ्यांत जास्त शिव्या तिनंच दिल्या असत्या. दोघींनी मिळून त्याला फसवलं असतं. आणि त्याला कधी कळलंही नसतं. चौदा महिने त्यानं तिच्यासाठी नुसतं दुःख केलं होतं. आज पहिल्यांदा त्याला तिचा राग आला. असा राग आला की ती समोर असायला पाहिजे होती.

जीप खड्ड्यात आदळली. विद्याश्रीनं पोटाखाली हात धरला.

"ओ, दिसत न्हाय का?" चन्नाप्पा ड्रायव्हरवर ओरडला. "पोरगी अवघडलेली हाय."

"पावणं, रस्ता काय मी केलाय?"

"खड्डा दिसतोय का न्हाय तुला?"

"दिसतोय की."

"मग चुकव."

ड्रायव्हर पुटपुटला आणि त्यानं गाडी हळू केली. चन्नाप्पा पुढं वाकून, दोन्ही हात डॅशबोर्डावर टेकून रस्त्याकडं डोळे लावून बसला. डावीकडं घे. आता उजवीकडं. ब्रेक मार, ब्रेक मार. ड्रायव्हरनं एकदा वैतागून जीप थांबवली आणि म्हणाला की तुम्हीच चालवा. चन्नाप्पा म्हणाला, चालव तू, मी बघतोय. मागून कुणीतरी हसलं. त्यानं मागं वळून बघितलं नाही. कागल येईपर्यंत त्यानं एकही खड्डा सोडला नाही.